रत्नमहलचा तीनचा खेळ

टेंभेकरकाका गेले आणि तिसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर निरोप आला, की त्यांच्यावर चार शब्द सुनंदाताईंनी लिहावेत, कारण सगळ्यात जवळच्या त्याच होत्या. खाली हात जोडल्याची सतरा चित्रं. मी फोन पालथा ठेवला आणि वाटाणे सोलत बसले. अहो, जवळची होते हीच तर पंचाईत आहे. लांबची असते तर मनमिळाऊ, निगर्वी, ज्ञानाचा सागर असं तीन ओळींत उरकून मोकळी झाले असते. आता लिहायचंच म्हणता तर सगळं लिहिते. मग ते ग्रुपवर टाकायचं की नाही ते त्यांचं त्यांनी पाहावं.

आमचा ग्रुप म्हणजे जबलपुरातले सात-आठ रिटायर झालेले मराठी रिकामटेकडे. उद्योग एकच, शहरातल्या जुन्या टॉकीजांचे फोटो गोळा करायचे. टॉकीजं आता कुठे राहिली? एकाचं मंगल कार्यालय झालं, एकात मोबाइलची दुकानं बसली, एकाची नुसती मागची भिंत उभी आहे आणि तिच्यात पिंपळ उगवला आहे. त्यांचे फोटो शोधायचे म्हणजे महाकठीण काम, कारण टॉकीजचा फोटो कुणी मुद्दाम काढत नसे. फोटो काढायचे नव्या सायकलचा, पाहुणा आलेल्या जावयाचा, शाळेच्या सहलीचा. टॉकीज मागे उगीच उभं असायचं, तेही अर्धंच. नाव दिसायचं नाही, दिसलं तर एखादं अक्षर. ते अर्धं टॉकीज कोणतं, हे ओळखायचं काम टेंभेकरकाकांचं.

काका शाळेतले गणिताचे मास्तर. रिटायर झाल्यावर सदरमध्ये, म्हणजे छावणीच्या भागात, एका बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे. काकू लवकर गेल्या, मुलगी रायपूरला. अंगाने काडी, बारा महिने राखाडी सफारी, उजव्या मनगटावर घड्याळ आणि गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. ते भिंग जेवतानाही उतरायचं नाही. एकदा वरणात बुडालं, तर तसंच पुसून पुन्हा गळ्यात. खोलीत बेकरीच्या भट्टीचा वास सदा भरलेला असायचा आणि काका स्वतः मात्र पाव कधी खायचे नाहीत, म्हणायचे मैदा पोटात बसतो.

फोटो हातात आला की ते आधी तो उलटा धरायचे, डोकं खाली पाय वर. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा गोंधळला. पण त्यामागे विचार होता. सरळ फोटोत डोळा चेहऱ्यांकडे धावतो, उलट्यात तो भिंतीकडे जातो. "माणसं पाहू नको," असं ते मला शंभरदा म्हणाले असतील. "माणूस नटून उभा असतो. पायऱ्या पाहा, जाळी पाहा, सावली कुठं पडून राहिली ते पाहा."

पायऱ्यांचं शास्त्र त्यांनी मला शिकवलं ते भर उन्हात. बँकेतून रिटायर होऊन मला महिना झाला होता आणि घरात आईशी माझे दिवसातून चार खटके उडत होते. काका म्हणाले, चल, तुला कामाला लावतो. मला घेऊन गेले त्या मंगल कार्यालयापाशी, जे पूर्वी प्रतिमा टॉकीज होतं, आणि म्हणाले, मोज पायऱ्या. मी मोजल्या, चार. ते म्हणाले, बांधलं तेव्हा नऊ होत्या. दरवेळी नगरपालिका जुन्या रस्त्यावर नवा रस्ता ओतते, रस्ता वर येतो आणि टॉकीजची एक पायरी जमिनीत जाते. म्हणून फोटोत किती पायऱ्या दिसतात त्यावरून फोटो साधारण कधीचा ते कळतं. आठ असतील तर आपल्या जन्माआधीचा, सहा असतील तर तुझ्या लग्नाच्या वेळचा. मी तिथेच रस्त्यात उभी राहून हसत सुटले. इतक्या वर्षांत त्या पायऱ्या मी शेकडो वेळा चढले होते आणि त्या बुडत चालल्याचं कधी दिसलं नव्हतं.

एकदा चेरीतालच्या दोन जावा आमच्याकडे भांडत आल्या. सासू-सासऱ्यांचा लग्नानंतरचा पहिला फोटो, मागे टॉकीजचा कठडा. थोरली म्हणे प्रतिमा, धाकटी म्हणे रत्नमहल, आणि दोघी एकमेकींचं माहेर काढायच्या बेतात आलेल्या. काकांनी फोटो उलटा केला, सरळ केला, भिंग लावलं आणि म्हणाले, दोघीही चुकलात. कठड्याचा तिसरा गज वाकलेला आहे, टांग्याच्या घोड्याने लाथ मारली होती, मी लहान होतो तेव्हा तिथेच होतो. जिथे आता सायकलींचं गोदाम आहे तिथलं टॉकीज. धाकटी म्हणाली, सिद्ध करा. लगेच दोन ऑटो करून सगळी वरात गोदामापाशी. सायकलींच्या खोक्यांमागे तो कठडा होता, आणि तिसरा गज वाकलेला. थोरलीने तिथल्या तिथे काकांच्या पाया पडून घेतलं. काका मला हळूच म्हणाले, "नशीब, भंगारवाल्याने नेला नाही."

कामाची त्यांची एक पद्धत होती आणि तिला आम्ही कुणी बोट लावत नव्हतो. कुणाच्याही घरून फोटोंचा डबा आला की तो आधी एकटे काका पाहायचे. दोन ढीग करायचे, 'आपलं' आणि 'परकं'. आपलं म्हणजे जबलपूरचं टॉकीज. ते माझ्याकडे यायचं, मी कॉम्प्युटरवर चढवायची आणि वहीत नोंद करायची. परकं म्हणजे नागपूर, कटनी, इटारसी, असलं काहीतरी. ते पाकिटात भरून मालकाला परत. परक्या ढिगाकडे आम्ही ढुंकून पाहत नव्हतो, कारण काकांनी परकं म्हटलं म्हणजे परकंच.

आणि का नाही ठेवायचा विश्वास? एकदा त्यांनी एक फोटो प्रतिमाचा म्हणून सांगितला होता. सहा महिन्यांनी त्यांना कळलं की तो दुसऱ्या टॉकीजचा आहे. आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता, गप्प बसले असते तर चाललं असतं. पण रविवारी सगळ्यांना बोलावलं, सत्तरीला टेकलेला माणूस दोन्ही कान धरून उभा राहिला आणि म्हणाला, चूक झाली, वहीत खोडा. मला भरून आलं होतं त्या दिवशी, खोटं काहून सांगू? आमच्यातले कुळकर्णी त्यांना हरिश्चंद्रच म्हणायचे. काका नुसते हसायचे.

आता माझ्या बाबांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबा आणि टेंभेकरकाका एकाच शाळेत होते. बाबा जुने, काका नवे, नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी तेव्हा बारा वर्षांची. वार्षिक परीक्षेआधीची मुलांची सुट्टी होती आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची चावी बाबांकडे होती. एका गुरुवारी संध्याकाळी कपाटातून एक गठ्ठा गेलेला निघाला. शिपायाने सांगितलं की पिंपळकर मास्तरांना मी चारच्या सुमारास व्हरांड्यात पाहिलं. बाबांनी सांगितलं की मी चार वाजता शाळेत नव्हतोच. ड्यूटी सोडून तीनच्या खेळाला गेलो होतो, ती माझी चूक आहे, पण चावी माझ्या खिशात होती आणि माझ्यासोबत टेंभेकर होते, त्यांना विचारा. टेंभेकरांना विचारलं. टेंभेकर म्हणाले, मी तापाने घरी पडून होतो, रजेचा अर्ज दिलेला आहे.

झालं, बाबा खोटे पडले. दुसरी चावी मुख्याध्यापकांच्या खोलीत असायची, तिची चौकशी कुणी केलीच नाही. पोलिसात देत नाही, राजीनामा द्या, असं ठरलं. आमच्या लोकांत ही बातमी पसरायला एक हळदीकुंकू पुरलं. मग बाबा एका कापडाच्या दुकानात लागले. गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. गणिताचा, इंग्रजीचा इतका चांगला मास्तर, पण त्याच्याकडे शिकवणीला पोर पाठवायला कुणी तयार नव्हतं.

राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेंभेकरकाका आमच्या घरी आले होते. मला ते नीट आठवतं. दारातच उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, मला माफ करा. पण मी खोटं बोलू शकत नाही हो." आईने त्यांना पाणी दिलं. बाबा आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत. त्या दिवसापासून आईने काकांचं खरं धरलं आणि नवऱ्याचं खोटं. भांडली नाही, माहेरी गेली नाही, डबा वेळेवर देत राहिली. पण सिनेमाचा विषय निघाला की तोंड फिरवून घ्यायची.

काका येतच राहिले. दिवाळीला फराळ, माझ्या दहावीला फुकट शिकवणी, माझ्या बँकेच्या परीक्षेचे फॉर्म, माझ्या लग्नात वाढायला पंगतीत सगळ्यांच्या पुढे. ते आले की बाबा आतल्या खोलीत जायचे. आम्हाला वाटायचं, खऱ्या माणसाला तोंड दाखवायची यांना लाज वाटते. मी सोळा वर्षांची असताना एकदा बाबांना म्हणाले, एकदाच खरं सांगून टाकलं असतं तर सुटले असते ना तुम्ही. ते दुकानात जायला निघाले होते. "मी सांगितलं होतं बेटा," एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले. मला वाटलं, अजूनही रेटूनच चालले आहेत. असं मला, त्यांच्या पोटच्या पोरीला, वाटलं. बाबा जाऊन आता पंधरा वर्षं झाली.

हे सगळं डोक्यात ठेवा आणि आता कौर आंटींचा फोन ऐका.

कौर आंटी सदरच्याच, सूबेदारसाहेबांच्या विधवा. त्यांचा फोटोंचा डबा दोनेक वर्षांपूर्वी काकांनी स्वतः जाऊन आणला होता. सदरमधल्या फौजी घरांच्या अल्बमांसाठी काका फार धडपडायचे, आधी तिथे जाऊ, म्हणायचे. गेल्या वर्षी आमचं प्रदर्शन ठरलं, तसा आंटींनी मला फोन केला आणि झाडायलाच सुरुवात केली. "बेटा, हमारी स्कूटर वाली फोटो आपके काका ने नागपुर की बोल के लौटा दी. हम तो स्कूटर लेके कभी नागपुर गए ही नहीं. सदर में ली, सदर में माला पहनाई, सदर में फोटो खींची."

मला हसू आलं. म्हटलं, काकांचेही डोळे थकले शेवटी, आता पुन्हा कान धरायला लावू. मी फोटो आणला आणि घरी टेबलावर घेऊन बसले. त्यांच्याच पद्धतीने आधी उलटा धरला. सहा पायऱ्या आणि सातवीची कड. जाळीत कमळाचं फूल. असली जाळी जबलपुरात एकाच टॉकीजला होती, सदरच्या रत्नमहलला. लहान पोरानेही ओळखलं असतं. मग मी तो सरळ केला. हार घातलेली स्कूटर, सूबेदारसाहेब, आंटी, आणि त्यांच्यामागे तिकीटखिडकीपाशी दोन माणसं. एकाच्या खांद्याला चौकटीच्या कापडाची थैली. शेजारचा काडीसारखा पोरगा त्याला तिकिटं दाखवत हसतोय, आणि त्याचं घड्याळ उजव्या मनगटावर.

फोटोच्या मागे सूबेदारसाहेबांनी शाईने तारीख आणि वार लिहिला होता. फौजी माणूस, प्रत्येक फोटोमागे लिहायचे. गुरुवार. आणि गठ्ठा गेला त्या दिवसाची ती तारीख माझ्या घरात कुणाला आठवून सांगावी लागत नाही. खिडकीवरच्या पाटीवर खेळाची वेळ होती, तीन.

कुकर जळाला आणि आईने हाक मारली तेव्हा भानावर आले. पहिला राग बाबांचाच आला, की तुम्ही ओरडला का नाहीत, टेंभेकरची कॉलर धरून आमच्यापुढे उभं का केलं नाहीत. मग स्वतःचा आला. काकांचा राग यायला दुसरा दिवस उजाडावा लागला. इतकं त्या माणसाने आम्हाला आपलंसं करून ठेवलं होतं.

रविवारी सगळे जमायच्या तासभर आधी मी त्यांच्या खोलीवर गेले. फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला नाही, भिंगही लावलं नाही. हातसुद्धा लावला नाही.

"कौरबाईंनी दिला का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कोणतं टॉकीज आहे, काका?"

ते सांगायला लागले, आणि आवाज असा की वर्गात उदाहरण सोडवून दाखवत आहेत. त्या महिन्यात त्यांचं कन्फर्मेशन होतं. तापाचा अर्ज दिलेला आणि पिक्चरला जायचं मन झालेलं. बाबा येत नव्हते, ड्यूटी आहे म्हणत होते, त्यांनीच ओढून नेलं, तीन तासांची तर गोष्ट आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी चौकशीत विचारलं तेव्हा तोंडातून तापाचंच निघून गेलं. वाटलं, बाबा जुने आहेत, त्यांना कोण काय करतंय, चौकशीत सुटतील. सुटले नाहीत. मग परत फिरायला जागा उरली नाही.

"एक सरदारजी स्कूटरचा फोटो काढवून घेऊन राहिला होता, ते मी तेव्हाच पाहिलं होतं," ते म्हणाले. "तेव्हापासून त्या फोटोची वाट पाहून राहिलो मी."

तेव्हा मला उलगडलं. हा सगळा छंद, ही टॉकीजं, या पायऱ्या, फौजी घरांचे अल्बम. आम्हाला वाटत होतं, म्हाताऱ्याला जुन्या शहराचं वेड आहे. वेड लागलंही असेल पुढे, नाही म्हणत नाही. पण सुरुवात इथून होती. आणि मी मूर्ख, पाच वर्षं त्यांचे डबे वाहत होते.

मी विचारलं, मग हाती लागला तेव्हा फाडून का नाही टाकला? ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "जुना फोटो आहे," म्हणाले, "फाडायचा कसा?" हेही खरंच असेल त्यांचं. माणसाचं आयुष्य फाडता येतं, फोटो फाडवत नाही.

मी म्हटलं, आईला येऊन सांगा. ते म्हणाले, आता या वयात वहिनींना कशाला त्रास? मी म्हटलं, सांगा. तेव्हा ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "तुमच्या घरासाठी मी काही कमी केलं का, बेटा?"

घरी जाऊन मीच आईला फोटो दाखवला. पंच्याऐंशी वर्षांची बाई, खिडकीशी नेऊन पाहत बसली. मला वाटलं रडेल, मी पाणी घेऊन तयार होते. ती म्हणाली, ही थैली मी शिवली होती, जुन्या पडद्याची. मग म्हणाली, म्हणजे खरंच गेले होते पिक्चरला. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, त्यांच्याशी संसार केला, त्यांची आजारपणं काढली, पण तुमचं खरं आहे हे एकदासुद्धा म्हटलं नाही मी त्यांना. "टेंभेकरला बोलाव. मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे."

मी फोन केला. काका म्हणाले, येतो शनिवारी. शनिवारी आई नेसून, केस विंचरून बसली. ते आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. पुढच्या शनिवारी कफ झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी रायपूरहून मुलगी आली होती. आई दरवेळी नेसून बसायची आणि चार वाजले की उठून पुन्हा घरातलं पातळ नेसायची. मला एकदा म्हणाली, तू त्याला ओरडू नकोस, ओरडलीस तर तो आणखी घाबरेल. मी तोंडाला कुलूप लावलं. ग्रुपमध्येही कुणाला बोलले नाही, कारण त्यांनी आपण होऊन येऊन सांगावं अशी आईची इच्छा होती. आणि खरं सांगू? मलाही अजून वाटत होतं की येतील. कान धरून उभा राहिलेला माणूस मी पाहिला होता ना.

मग प्रदर्शन आलं. मराठी मंडळाच्या सभागृहात भिंतीभर फोटो लागले. प्रत्येकाखाली चिठ्ठी, कोणतं टॉकीज, कधीचं. चिठ्ठ्या काकांनी सांगायच्या आणि मी लिहायच्या, असं नेहमीचं. स्कूटरच्या फोटोची चिठ्ठी मी एकटीने लिहिली आणि आदल्या दिवशी त्यांना फोनवर वाचून दाखवली. रत्नमहल टॉकीज, सदर. गुरुवार, दुपारी तीनचा खेळ. पुढे सूबेदारसाहेब आणि सौ. कौर. मागे तिकीटखिडकीपाशी डावीकडे कै. गजानन पिंपळकर, उजवीकडे श्री. वसंत टेंभेकर. बस, एवढंच. चोरी नाही, चौकशी नाही, आरोप नाही. म्हटलं, काका, तुम्हाला येऊन सांगायचं जड जातं ना, मग काही बोलूसुद्धा नका. आई तिथे असेल. नुसते शेजारी उभे राहा आणि हो म्हणा. ते म्हणाले, अच्छा.

आले. नवी सफारी घालून आले. लोक त्यांच्यामागे घोळक्याने फिरत होते आणि ते एकेक फोटो उलगडून सांगत होते. इथे भेळवाला बसायचा, इथे पास असणाऱ्यांची वेगळी रांग. आईची खुर्ची मी स्कूटरच्या फोटोसमोर ठेवली होती. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. घोळका तिथवर आला. काकांनी जाळीचं कमळ दाखवलं, पायऱ्या मोजल्या, रत्नमहलचा मालक किती तापट होता तेही सांगितलं. मग कॉलेजातल्या एका मुलीने चिठ्ठी मोठ्याने वाचली, मराठी वाचायला तिला वेळ लागला, आणि शेवटच्या नावाशी थांबून तिने वळून विचारलं, "सर, ये आप हैं?"

सगळे वळले. आईही पुढे वाकली.

काकांनी फोटोकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग त्या मुलीकडे वळून सौम्यपणे, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "नहीं बेटा. लिखने वाले से गलती हुई है. मैं उस दिन बीमार था."

कुणाला शंकाही आली नाही. कशी येणार? फोटो ओळखणारा माणूस सांगतोय, हा फोटो माझा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागे चहाच्या टेबलापाशी उभी होते. कुळकर्णी बिचारे धावपळ करत पेन घेऊन आले आणि मला म्हणाले, सुनंदाताई, काका म्हणतात नावं चुकली आहेत, दोन्ही खोडून टाकू का?

मी काही बोलायच्या आत आई बोलली. खुर्चीतून उठली नाही, आवाज चढवला नाही.

"यांचं नाव राहू द्या," ती म्हणाली. "हे माझे यजमान आहेत. त्या दिवशी ते पिक्चरला गेले होते, मला माहीत आहे. शेजारी कोण उभा आहे त्याला मी ओळखत नाही. तेवढं खोडा."

कुळकर्णींनी वाकून खोडलं, एका रेघेत. लोक पुढच्या फोटोकडे सरकले, ती मुलगीही सरकली, आणि काका तिथेच राहिले. आईपासून हातभर अंतरावर उभे होते. एकदा ओठ हलल्यासारखे वाटले. आई फोटोकडे पाहत होती, तिने मान वळवली नाही. बोलायचं होतं तर तेव्हा कुणी त्यांना अडवलं नसतं, ऐकायला तिसरं कुणी जवळ नव्हतंही. मी कपात चहा गाळून परत आले तेव्हा खुर्चीशेजारची जागा रिकामी होती.